केकॅटच्या कंटेनरमधून काफ्काला मेसेज: गेला आणि पोचला यांतलं अंतर

काफ्का म्हणजे प्रोग्रामचे मेसेज साठवून दुसऱ्या प्रोग्रामना वाचायला देणारं सॉफ्टवेअर. केकॅट या छोट्या साधनाने त्याला मेसेज पाठवायची कमांड दिली, अर्ध्या सेकंदात प्रॉम्प्ट परत आला. एरर नाही, वॉर्निंग नाही, एक्झिट कोड शून्य. मी समोरच्या टीमला कळवून टाकलं की चारशे नोंदी पाठवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, टॉपिक, म्हणजे काफ्कातला मेसेजचा कप्पा, रिकामा आहे. चारशेपैकी एकही मेसेज पोचला नव्हता. केकॅट डॉकरमधून चालवला होता (डॉकर प्रोग्रामला कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतो), आणि डॉकरला द्यायचा -आय हा एवढासा पर्याय राहून गेला होता.

तेव्हापासून एक शिस्त पाळतो आणि टीममध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला तीच सांगतो: टॉपिकमधून परत वाचून पाहिल्याशिवाय मेसेज ‘पोचला’ म्हणायचं नाही. खालची प्रत्येक पायरी त्याच शिस्तीने लिहिली आहे.

काफ्का लिंक्डइनमध्ये जन्माला आलं आणि २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासोबत ते घडवणाऱ्या नेहा नारखेडे पुण्याच्या, पीआयसीटी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. काफ्काशी टर्मिनलवरून बोलायला सोबत येणाऱ्या स्क्रिप्ट आहेत, पण त्यांना जावा लागतं आणि त्या सुरू व्हायला वेळ घेतात. केकॅट सी भाषेत लिहिलेलं आहे. मॅग्नस ईडनहिल यांनी आधी लिबआरडीकाफ्का ही लायब्ररी लिहिली आणि तिच्यावर हे छोटं साधन बांधलं. पूर्वी त्याचं नाव काफ्काकॅट होतं. ॲपाचीच्या ट्रेडमार्क नियमांमुळे ऑगस्ट २०२१ मध्ये ते केकॅट झालं, त्यामुळे जुन्या लेखांत काफ्काकॅट दिसलं तर ते हेच.

कंटेनरमधून का चालवायचं? सर्व्हरवर काही इन्स्टॉल करायची परवानगी बहुतेकांना नसते, आणि टीममधल्या पाच जणांकडे पाच वेगळ्या आवृत्त्या असल्या की एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामाला येत नाही. इमेजला, म्हणजे कंटेनर ज्यावरून उभा राहतो त्या तयार साच्याला, आवृत्तीचा टॅग लावला की सगळ्यांकडे एकच साधन राहतं. ‘लेटेस्ट’ या टॅगवर विसंबू नका.

कमांड मी इथे फोनवर सहकाऱ्याला सांगतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे घ्या. केकॅटमध्ये लहान आणि मोठ्या अक्षराचा अर्थ पूर्ण वेगळा असतो, म्हणून कॅपिटल अक्षराआधी ‘मोठा’ असं लिहिलं आहे. केकॅटचं स्पेलिंग के, सी, ए, टी.

पायरी १: सरावासाठी ब्रोकर

ब्रोकर म्हणजे मेसेज घेऊन ठेवणारा काफ्काचा सर्व्हर, आणि ब्रोकरांचा गट म्हणजे क्लस्टर. सरावासाठी ऑफिसचा क्लस्टर वापरू नका. काफ्का ३.७ पासून ॲपाचीची अधिकृत इमेज मिळते आणि ती झूकीपर या पूर्वी लागणाऱ्या वेगळ्या समन्वयक सर्व्हरशिवाय चालते. ४.० मध्ये तर झूकीपर काढूनच टाकलं आहे.

डॉकर रन -डी --नेम काफ्का -पी ९०९२:९०९२ ॲपाची/काफ्का:३.७.०

काही सेकंद थांबा आणि डॉकर लॉग्स काफ्का अशी कमांड देऊन सर्व्हर सुरू झाल्याची ओळ बघा. मग टॉपिक आपल्या हाताने बनवा, कारण केकॅट टॉपिक बनवत नाही. ब्रोकरच्या कंटेनरमध्ये /ऑप्ट/काफ्का/बिन या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट असतात, त्यातली ‘काफ्का-टॉपिक्स’ची डॉट एसएच फाइल डॉकर एक्झेकने चालवा. तिला --क्रिएट, --टॉपिक दूध, --पार्टिशन्स ३ आणि --बूटस्ट्रॅप-सर्व्हर लोकलहोस्ट:९०९२ एवढं द्या. पार्टिशन म्हणजे टॉपिकचा एक भाग.

टॉपिकचं नाव देवनागरीत चालत नाही. फक्त रोमन अक्षरं, आकडे, टिंब, अधोरेषा आणि जोडरेषा, तीही २४९ अक्षरांपर्यंत. आत जाणारा मजकूर मात्र कुठल्याही लिपीत असू शकतो.

‘ब्रोकर टॉपिक आपोआप बनवतो की’ असं कोणी म्हणेल. मूळ सेटिंगमध्ये बनवतो, आणि म्हणूनच जपायचं. नावात एक अक्षर चुकलं तर मेसेज एका नव्या, कोणीही न वाचणाऱ्या टॉपिकमध्ये जाऊन पडतात आणि एरर येत नाही.

पायरी २: आधी पत्ता विचारा

मेसेज पाठवायच्या आधी एक कमांड, दर वेळी:

डॉकर रन --आरएम --नेटवर्क कंटेनर:काफ्का ईडनहिल/केकॅट:१.७.१ -बी लोकलहोस्ट:९०९२ -मोठा एल

--आरएम म्हणजे काम झालं की कंटेनर पुसून टाक. -बी म्हणजे ब्रोकरचा पत्ता. मोठा एल म्हणजे क्लस्टरमध्ये काय काय आहे त्याची यादी दे. उत्तरात ब्रोकर किती, टॉपिक कोणते, कुठल्या पार्टिशनचा लीडर (त्याचे मेसेज घेणारा ब्रोकर) कोण हे सगळं येतं. त्यातली ‘ब्रोकर १ ॲट लोकलहोस्ट:९०९२’ ही ओळ नीट वाचा.

कंटेनरमधून काफ्काशी बोलताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या ओळीत दिसतात. काफ्काचा क्लायंट, म्हणजे केकॅटसारखा काफ्काशी बोलणारा प्रोग्राम, दोनदा जोडणी करतो. पहिल्यांदा तुम्ही -बीने दिलेल्या पत्त्यावर जातो आणि ‘कुठला पार्टिशन कोणाकडे आहे?’ एवढंच विचारतो. ब्रोकर उत्तरात स्वतःचा जाहीर केलेला पत्ता देतो. मग क्लायंट तुमचा पत्ता बाजूला ठेवून ब्रोकरने सांगितलेल्या पत्त्यावर नवी जोडणी करतो आणि मेसेज तिथे देतो.

ब्रोकरने ‘लोकलहोस्ट’ सांगितलं तर केकॅट आपल्याच कंटेनरमधल्या लोकलहोस्टकडे बघतो, कारण लोकलहोस्ट म्हणजे ‘हेच यंत्र’, आणि प्रत्येक कंटेनरचा लोकलहोस्ट त्याचा स्वतःचा. तिथे ९०९२ वर कोणीच बसलेलं नसतं. मॅक किंवा विंडोजवर -बीला ‘होस्ट.डॉकर.इंटर्नल:९०९२’ हा पत्ता देऊन बघा. मोठ्या एलची यादी व्यवस्थित येते, तुम्हाला वाटतं जोडणी झाली, आणि मेसेज पाठवायला गेलं की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. यादी पहिल्या जोडणीवर मिळते, मेसेज दुसऱ्या जोडणीवर जातो. हे मनात पक्कं बसलं की अर्ध्या रात्रीचे फोन वाचतात.

वरच्या कमांडमध्ये ‘--नेटवर्क कंटेनर:काफ्का’ घातलं ते याचसाठी. केकॅटला वेगळं नेटवर्क न देता ब्रोकरच्याच कंटेनरचं नेटवर्क वापरायला सांगितलं. आता दोघांचा लोकलहोस्ट एक, त्यामुळे ब्रोकरने सांगितलेला पत्ता खरा ठरतो. सरावासाठी यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही, ब्रोकरच्या सेटिंगला हातही लावावा लागत नाही.

पायरी ३: पहिला मेसेज

उदाहरण दूध संकलन केंद्राचं घेऊ. सभासद क्रमांक, जनावर, लिटर, फॅट, वेळ. एका सभासदाची एक ओळ:

१०४:म्हैस,६.५,७.१,०६:४०

ही ओळ इकोने छापा आणि पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी उभी रेघ) पुढे द्या:

डॉकर रन --आरएम -आय --नेटवर्क कंटेनर:काफ्का ईडनहिल/केकॅट:१.७.१ -बी लोकलहोस्ट:९०९२ -टी दूध -मोठा पी -मोठा के :

-टी म्हणजे टॉपिक. मोठा पी म्हणजे पाठवणारा. मोठा के आणि त्यापुढचा कोलन म्हणजे ओळीतल्या पहिल्या कोलनच्या आधीचं ते की (मेसेज कोणाचा हे सांगणारी खूण), नंतरचं ते मूल्य. वेळेतला दुसरा कोलन मूल्यातच राहतो.

-आय नसेल तर डॉकर पाइपमधून आलेलं काहीच आत जाऊ देत नाही. केकॅटला इनपुट सुरू होताच संपलेलं दिसतं. पाठवायला काही नाही म्हणून तो शांतपणे, यशस्वी कोड देऊन बाहेर पडतो. त्याच्या बाजूने त्याचं बरोबरच आहे. माझ्या चारशे नोंदी अशाच गेल्या. बरेच जण सवयीने -आयटी असं जोडून लिहितात. पाइप असताना त्यातला टी घालू नका, इनपुट टर्मिनल नाही असं सांगून डॉकर थांबतो. तो एरर निदान दिसतो तरी.

दुसरी सवय: मोठा पी किंवा मोठा सी दर वेळी स्वतः लिहायचा. काही न लिहिल्यास केकॅट स्वतः ठरवतो. इनपुट टर्मिनल असेल तर वाचणारा, नसेल तर पाठवणारा. कंटेनरमध्ये -आयटी नसताना इनपुट टर्मिनल नसतंच, त्यामुळे तुम्ही वाचायला बसलात तरी तो पाठवणारा होतो आणि लगेच संपतो.

आता परत वाचा. मोठ्या पीच्या जागी मोठा सी, सुरुवातीपासून वाचायला ‘-ओ बिगिनिंग’, शेवट आला की थांबायला -ई, आणि -एफने छापण्याचा साचा. साच्यात टक्का-पी म्हणजे पार्टिशन, टक्का-ओ म्हणजे ऑफसेट (पार्टिशनमधला मेसेजचा क्रमांक), टक्का-के म्हणजे की, टक्का-मोठा एस म्हणजे मूल्याचे बाइट, टक्का-एस म्हणजे मूल्य. साचा एकेरी अवतरणात ठेवा आणि शेवटी उलटी तिरकी रेघ व एन द्या, नाहीतर सगळे मेसेज एका ओळीत चिकटतात.

समोर पार्टिशन, ऑफसेट, की १०४, मग २९ आणि शेवटी मूल्य दिसेल. ‘म्हैस’मध्ये म, हलन्त, ह, ऐची मात्रा आणि स ही पाच चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १५. स्वल्पविराम, आकडे, टिंब आणि कोलन मिळून १४. बेरीज २९. पहिल्या मेसेजची ही बेरीज एकदा हाताने करून बघाच, लगेच पुढे तिचा उपयोग आहे.

पायरी ४: पूर्ण फाइल

सकाळच्या पाळीची चारशे ओळींची फाइल पाठवायला दोन वाटा आहेत. फाइल कॅटने पाइपमधून द्यायची, किंवा डॉकरच्या -व्हीने फोल्डर आत माउंट करून केकॅटला -एल आणि फाइलचा आतला पत्ता द्यायचा. मी पाइपच पसंत करतो. माउंट लागत नाही, आणि वाटेत मजकूर साफ करता येतो. -एल वापरणार असाल तर लक्षात ठेवा, -एल न लिहिता नुसतं फाइलचं नाव दिलं तर केकॅट अख्खी फाइल एकच मेसेज म्हणून पाठवतो. चारशेऐवजी एक.

फाइल विंडोजवरून आली असेल तर बाइट बघा. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हं ठेवतं, केकॅट त्यातल्या दुसऱ्यावर ओळ तोडतो आणि पहिलं मूल्याला चिकटून राहतं. पडद्यावर ते दिसत नाही. २९ च्या जागी ३० छापलं जातं, तेवढीच खूण. पलीकडचा प्रोग्राम वेळ वाचताना अडखळतो आणि कोणाला कारण सापडत नाही. पाइपमध्ये मध्येच ‘टीआर -डी’ घालून ते चिन्ह काढून टाका. विंडोजच्या जुन्या पॉवरशेल ५.१ मधून पाइप केलं तर आणखी एक त्रास होतो, ते मूळ सेटिंगमध्ये आस्की पाठवतं आणि ‘म्हैस’च्या जागी प्रश्नचिन्हं पोचतात. तिथून काम करायचं असेल तर आउटपुट एन्कोडिंग आधी यूटीएफ-८ करा, नाहीतर पाइप सोडून -एल घ्या.

शेलमध्ये ‘व्हाइल रीड’च्या लूपात प्रत्येक ओळीसाठी डॉकर रन -आय चालवायचा मोह होतो. आतला डॉकर लूपचं उरलेलं इनपुटही गिळून टाकतो, लूप एकदाच फिरतो. शिवाय प्रत्येक मेसेजला नवा कंटेनर उभा करणं म्हणजे एक-एक लिटर दुधासाठी वेगळा टेम्पो पाठवण्यासारखं. एकच कंटेनर, एकच पाइप, सगळ्या ओळी.

पाठवून झाल्यावर वाचलेल्या ओळी डब्ल्यूसी -एलने मोजा आणि फाइलशी ताडून बघा. नव्या टॉपिकवर हा आकडा सरळ जुळतो. आधीच मजकूर असलेल्या टॉपिकवर पाठवण्याआधी आणि नंतर मोजून फरक काढा.

पायरी ५: एकच की, एकच पार्टिशन

काफ्का क्रम पाळतं ते एका पार्टिशनच्या आत. सभासद १०४ च्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी ओळीने वाचल्या जाव्यात म्हणून त्याची की नेहमी एकाच पार्टिशनला जायला हवी. केकॅट एकटाच पाठवत असेल तर तसं होतंच. अडचण येते ती रोजचा मजकूर जावामधली सेवा पाठवत असते आणि दुरुस्तीच्या चार ओळी तुम्ही केकॅटने पाठवता तेव्हा. जावाचा क्लायंट कीचा हॅश (कीवरून काढलेला आकडा, त्यावरून पार्टिशन ठरतं) मर्मर२ ने काढतो, लिबआरडीकाफ्का मूळ सेटिंगमध्ये सीआरसी३२ ने. की तीच, पार्टिशन वेगळं. मग दुरुस्ती मूळ नोंदीच्या आधीही वाचली जाऊ शकते.

उपाय एका ओळीचा आहे: मोठा एक्स, आणि त्यापुढे टॉपिक.पार्टिशनर=मर्मर२_रँडम. जावाची सेवा असलेल्या ठिकाणी हे मी डोळे झाकून घालतो आणि तुम्हीही घाला. एकच ओळ पाठवून तिचं पार्टिशन जुन्या नोंदीच्या पार्टिशनशी जुळवून बघा, मगच बाकीच्या.

हाताने पाठवलेल्या मेसेजवर मोठ्या एचने हेडरही (मेसेजसोबतची छोटी चिठ्ठी) लावा, ‘स्रोत=हस्ते’ अशा अर्थाचा. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की या चार नोंदी कुठून आल्या, तर उत्तर मेसेजमध्येच असेल.

पायरी ६: वेगळं नेटवर्क, खरे पत्ते

एकाच कंटेनरचं नेटवर्क उसनं घेणं सरावापुरतं ठीक. डॉकर कंपोजच्या (अनेक कंटेनर एकत्र चालवण्याच्या) फाइलमध्ये चार सेवा असतील तर डॉकरचं एक नेटवर्क बनवा आणि ब्रोकरला दोन लिसनर, म्हणजे जोडणी घ्यायची दोन दारं, द्या. एक आतल्या कंटेनरांसाठी, जाहीर पत्ता काफ्का:१९०९२. दुसरा तुमच्या लॅपटॉपवरच्या प्रोग्रामसाठी, जाहीर पत्ता लोकलहोस्ट:९०९२. क्लायंट ज्या लिसनरवर येतो त्याचाच जाहीर पत्ता त्याला परत मिळतो. केकॅटचा कंटेनर १९०९२ वर आला तर त्याला ‘काफ्का’ हेच नाव सांगितलं जातं, आणि ते नाव त्या नेटवर्कमध्ये सापडतं.

अधिकृत इमेजला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने लिसनर द्यायला लागलात की तिची मूळ सेटिंग गळून पडते. म्हणून नोड आयडी, प्रोसेस रोल, कंट्रोलरचा लिसनर आणि त्याचं नाव, कोरम व्होटर, सिक्युरिटी मॅप हे सगळं द्यावं लागतं. ब्रोकर एकच असेल तर ऑफसेट टॉपिकची रेप्लिकेशन संख्या (प्रतींची संख्या) १ करायला विसरू नका, नाहीतर ग्रुपने वाचणारे क्लायंट अडून बसतात.

पायरी ७: पासवर्ड

ऑफिसच्या क्लस्टरला बहुधा एसएएसएल (ओळख पटवणं) आणि टीएलएस (जोडणी गुप्त ठेवणं) दोन्ही लागतात. मोठ्या एक्सने पासवर्ड थेट कमांडमध्ये देता येतो, पण देऊ नका. तो शेलच्या इतिहासात राहतो, चालू प्रोसेसच्या यादीत दिसतो, आणि कंटेनर चालू असेपर्यंत डॉकर इन्स्पेक्टमध्येही. त्याऐवजी एक छोटी फाइल बनवा. तिच्यात सिक्युरिटी.प्रोटोकॉल, एसएएसएल.मेकॅनिझम्स, एसएएसएल.युजरनेम, एसएएसएल.पासवर्ड आणि एसएसएल.सीए.लोकेशन या पाच ओळी, प्रत्येकीपुढे बरोबरचं चिन्ह आणि किंमत. फाइलची परवानगी फक्त स्वतःला ठेवा, -व्हीने माउंट करताना शेवटी ‘:आरओ’ लावा म्हणजे आतून कोणी ती बदलू शकणार नाही, आणि केकॅटला मोठ्या एफने तिचा पत्ता द्या.

हा पत्ता कंटेनरच्या आतला. सीएच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या) सर्टिफिकेटचा पत्ताही आतलाच. लॅपटॉपवरचा पत्ता लिहून अर्धा तास घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. फाइल डोळ्यांसमोर असते आणि केकॅट सांगत असतो की ती नाही.

याच फाइलमध्ये मेसेज.टाइमआउट.एमएस=१०००० ही ओळ मी घालतो. लिबआरडीकाफ्का मूळ सेटिंगमध्ये एक मेसेज पोचवायला ५ मिनिटांपर्यंत धडपडते. हाताने काम करताना दहा सेकंदांत नाही म्हणालेलं बरं. पोच किती ब्रोकरांकडून घ्यायची ते ठरवणाऱ्या ‘ॲक्स’ची मूळ सेटिंग सगळ्या इन-सिंक रेप्लिकांची (लीडरशी जुळून असलेल्या प्रतींची) पोच घेणारी आहे, तिला हात लावू नका. मेसेजचा आकार मूळ मर्यादेत सुमारे १० लाख बाइट असतो. त्याहून मोठं काही पाठवावंसं वाटलं तर फाइल दुसरीकडे ठेवून काफ्कात तिचा पत्ता पाठवा.

पायरी ८: चुकीची नोंद मागे घेताना

एकदा गेलेला मेसेज काफ्कात खोडता येत नाही, आणि फाइल दोनदा पाठवली तर नोंदी दोनदा जातात. कॉम्पॅक्शन (प्रत्येक कीचं शेवटचं मूल्य ठेवून जुनी काढणारी सफाई) चालू असलेल्या टॉपिकमध्ये मात्र एका कीसाठी मूल्यच नसलेला, म्हणजे नल मेसेज पाठवला की सफाईच्या वेळी त्या कीची जुनी मूल्यं निघून जातात. ‘१०४:’ एवढीच ओळ पाइपमध्ये द्या, पुढे मोठा पी, मोठा के आणि कोलन, आणि त्याबरोबर मोठा झेड.

मोठा झेड राहिला तर नलच्या जागी नुसती रिकामी ओळ जाण्याचा धोका असतो. तिला काफ्का मूल्य समजतं आणि सभासदाची नोंद पुसण्याऐवजी कोरी होते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून इथेही परत वाचा: साच्यातल्या टक्का-मोठा एसच्या जागी ० दिसला तर रिकामी ओळ गेली, -१ दिसला तर नल पोचला.